डाव्या स्टिअरिंगची जीप

कोरेगावाहून सकाळची न्याहारी करून निघालेला माणूस आता दुपारच्या जेवणाला सांगलीत असतो. आम्हाला त्या फाल्गुनात जाताना तीन दिवस लागले. गाडी बिघडली नव्हती, रस्ताही बंद नव्हता. गाडी मी चालवत होते आणि शेजारी माझे वडील बसले होते, एवढंच कारण.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मला नुकतंच अठरावं सरलं होतं. आबा फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवून नायब सुभेदार होऊन घरी आले होते, आणि येताना लिलावातली एक जुनी जीप घेऊन आले होते. लढाईच्या काळातली, ताडपत्रीच्या टपाची, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. दादा पलटणीत, आईचे गुडघे दुखरे. मळ्यातून घरी, घरातून बाजाराला गाडी न्यायला आबांशिवाय कुणी नव्हतं. मी म्हटलं, मला शिकवा.

आई म्हणाली, "पोरीच्या जातीला गाडी कशाला?"

आबा म्हणाले, "गाडीला काय ठावं, कोन बसलंय ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकवतो. पर माज्या शेजारी बसून सांगलीला जाऊन याचं. मग परीक्षेला न्हेतो. त्याच्या आदी न्हाई."

महिनाभर त्यांनी मळ्याच्या वाटेवर क्लच आणि गिअर गिरवून घेतले. साताऱ्याहून शिकाऊ लायसन काढून आणलं. पुढं-मागं लाल अक्षराच्या पाट्या बांधल्या. होळी झाली, हळद शिजवून वाळवून झाली, आणि पाच पोती हळद मागं टाकून आम्ही निघालो. पोती सांगलीला भूपालशेट म्हणून आबांच्या ओळखीचे व्यापारी होते, त्यांच्याकडे टाकायची होती.

रहिमतपूर, मसूर, कराड

हमरस्ता टाळून आबांनी आतला रस्ता धरायला लावला. निघताना त्यांनी मला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली. वाकून खाली बघायला लावलं. खाली आमचाच मोत्या झोपला होता. त्याला हाकलून मी चढणार, तर म्हणाले, "पुन्यांदा बग." पुन्हा बघितलं. काही नव्हतं. मग बसू दिलं.

दुसरा नियम रस्त्यावर कळला. जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. "म्हातारी, डोक्यावर भारा. सायकलवाला. पुढं वळण, झाड आडवं." मला फार लाज वाटायची. रहिमतपूरच्या बाजारात तर दोन बायका थांबून बघत राहिल्या. मी गप्प झाले की आबा विचारायचे, "काय बगितलंस?" सांगता आलं नाही की गाडी बाजूला घ्यायची. असे त्या दिवशी अकरा वेळा थांबलो असू.

तिसरा नियम जीपमुळं होता. स्टिअरिंग डाव्या बाजूला, म्हणजे मी रस्त्याच्या कडेला. पुढं बैलगाडी असली की पलीकडून काय येतंय ते मला दिसायचंच नाही. ते दिसायचं उजवीकडं बसलेल्या माणसाला. म्हणून पुढं जायचं असलं की मी विचारायचं, "मोकळं हाय का?" आबा मान बाहेर काढून बघायचे आणि "हाय" किंवा "थांब" म्हणायचे. "हाय" ऐकल्याशिवाय पाय दाबायचा नाही.

मसूरच्या अलीकडं एका चढावर मेंढरांचा कळप आडवा आला आणि गाडी बंद पडली. सुरू करावी तर मागं घसरायला लागली. आबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. उतरले, एक धोंडा उचलून चाकामागं लावला, आणि मेंढक्याबरोबर तंबाखू मळत बसले. मेंढरं गेली, मेंढका गेला, तरी ते उठेनात. चौथ्या खेपेला गाडी चढली. वर जाऊन थांबले तर धोंडा काखेत घेऊन आबा चालत येत होते. "ऱ्हाऊ दे गाडीत," म्हणाले, "कुनाच्या तरी उपेगी पडंल."

दुपारी एका आंब्याखाली भाकरी सोडली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आईनं घातलेली घेवड्याची सुकी उसळ. आबा जेवताना फार बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. बर्फात इंजिन सुरू करायला खाली शेगडी कशी ठेवायची, पंजाबी ड्रायव्हर दुधात तूप कसं घालून पितात, असलं काहीबाही. मी पहिल्यांदाच त्यांना असं मोकळं बघत होते. घरी ते वडील असत. तिथं आंब्याखाली ते एक ड्रायव्हर होते आणि मी दुसरी.

कराडला आत्याकडे मुक्काम केला. आत्यानं माझे हात बघितले. तळव्यांना फोड आले होते. तिनं खोबरेल चोळलं आणि आबांना चार शब्द सुनावले. आबा हसले फक्त.

पेठ, इस्लामपूर

दुसऱ्या दिवशी हमरस्ता होता, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. रुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडं वडाची झाडं, सकाळचं गार वारं. काटा पस्तीस मैलांवर गेला. आबा बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं आपल्याला जमलं. पेठेहून इस्लामपूरकडं वळलो तेव्हा मी दिसेल ते सांगायचंही सोडून दिलं होतं.

उसाचा हंगाम होता. कारखान्याच्या वाटेवर बैलगाड्यांची रांगच्या रांग. शेंड्यांचे हिरवे वाढे लोंबतायत, बैल फेसाळलेत, गाडीवान मोळ्यांवर उताणे. आम्ही मागं मागं, बैलाच्या चालीनं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी विचारलं, "मोकळं हाय का?" आबा म्हणाले, "थांब." परत विचारलं. "थांब." तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. पाय दाबला आणि गाडी बाहेर काढली.

समोर ट्रक होता.

आबा एवढंच म्हणाले, "डावं." मी दोन गाड्यांच्या मधल्या फटीत जीप घुसवली. पुढच्या गाडीच्या मोळ्यांना टप घासला, मागचे बैल बिचकून चाकोरीबाहेर गेले, आणि त्यांच्या गाडीतला निम्मा ऊस रस्त्यावर आला. आमची जीप कडेच्या चारीत कलली आणि बंद पडली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. कुणाला काही लागलं नाही. आजही ते मी दोनदा म्हणते. कुणाला काही लागलं नाही.

गाडीवान म्हातारा होता. आधी त्यानं बैलांच्या पायांवरून हात फिरवला, मग आमच्याकडं आला. मला बघून त्याची शिवी तोंडातच राहिली. आबांना म्हणाला, "आवं, पोरीच्या हातात दिलीया व्हय गाडी? माजी बैलं मेली आस्ती तर?"

"चूक झाली," आबा म्हणाले. "शिकवनारा मी हाय. चूक माजी."

मग त्यांनी मला खाली उतरवलं. त्या म्हाताऱ्याबरोबर आम्ही दोघांनी सगळा ऊस परत रचला. उसाचं पातं धारेचं असतं. कराडचे फोड फुटले, वर चरे पडले. मी रडत होते पण मोळ्या उचलत होते. ऊस चढल्यावर चार गाडीवानांनी जीप चारीतून ढकलून दिली. म्हातारा जाताना मला म्हणाला, "हळू जा गं बाय," आणि एक कांडं हातात दिलं.

मला वाटलं, आता आबा स्टिअरिंगवर बसणार. ते उजवीकडंच बसले. पुढं एका गुऱ्हाळाजवळ म्हणाले, "घे बाजूला."

गुऱ्हाळ

काहिलीत रस उकळत होता. गुऱ्हाळवाल्यानं द्रोणात गरम काकवी दिली. मी ती हातात धरून बसले. आबा आपला द्रोण धरून चुलाणाकडं बघत होते.

"मी तुला वरडनार न्हाई," ते म्हणाले. "मला त्यो हक्क न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी ते सरहद्दीवर, वरच्या डोंगरात रसद न्यायचे. गाडीवर जोडीला आनंदा म्हणून कुंडलचा जवान असायचा, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. एके दिवशी आबांची रजा मंजूर झाली. दुसऱ्या सकाळी खाली जायचं होतं. त्या दिवशी ते पहाटेपासून चालवत होते. आनंदा म्हणाला, "हवालदार, डोळं झाकाय लागल्यात तुमचं. थांबू या. न्हाईतर मला द्या." आबा म्हणाले, एवढं एक वळण. त्या वळणावर चाक कडेच्या बाहेर गेलं. आबा झुडपात फेकले गेले. आनंदा गाडीबरोबर खाली गेला.

"चौकशी झाली. कड ढासळली, आसं लिवलं सायबांनी. मला इचारलं. मी व्हय म्हनलो." त्यांनी द्रोण खाली ठेवला. "कड ढासळली न्हवती, शाले. मी झोपलो हुतो."

त्या रजेत आबा महिनाभर अंथरुणाला पाठ लावून पडून होते, ते मला आठवलं. मी दहा वर्षांची होते. आई म्हणायची, डोंगरातला ताप आहे.

"त्याची बायकू कुंडलला आस्ती," आबा म्हणाले. "सांगलीला दरसाल येतो, ते आष्ट्यावरनं. कुंडलचा रस्ता मी धरत न्हाई."

मी विचारलं, "किती लांब आहे?"

"हितनं दहा-बारा मैल." ते उठले. धोतर झटकलं. "आज धरू या म्हनतो. तू चालव."

कुंडल

ताकारीच्या बाजूनं कृष्णा ओलांडून गेलो. वाटेत मी पाऊलवाटेवरचं कोंबडंसुद्धा मोठ्यानं सांगत होते. आबा ऐकत होते की नाही, कोण जाणे. कुंडलचे डोंगर दिसायला लागले तसे ते ताठ होऊन बसले, जसं साहेबापुढं बसावं.

घर गावाच्या कडेला होतं. हौसाकाकू, म्हणजे आनंदाची बायको, सोप्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. पस्तिशीची असेल. कपाळ मोकळं, हात भराभर चालणारे. आबांनी नाव सांगितलं.

"आनंदाच्या गाडीवरचा मी."

"वळाकलं," ती म्हणाली. "लगनात आला हुता." तिनं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला. आबांनी तांब्याला हात लावला नाही. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. गुऱ्हाळावर मला सांगितलं होतं तेच, कमी शब्दांत. शेवटी म्हणाले, "त्यानं थांबा म्हनलं हुतं. मी थांबलो न्हाई."

तिचे हात थांबले. मांडीतल्या शेंगा तिनं एक-एक करून परत सुपात टाकल्या. बाहेर कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं.

"आठ वर्सं," ती म्हणाली, "मी त्या डोंगराला शिव्या देत आलीया."

तिनं तांब्या आबांपुढं सरकवला.

"पानी प्या," ती म्हणाली. "उनाचं आलाय." आणि आत गेली ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही.

आम्ही जावं की थांबावं, कळेना. शेवटी तीच ताटं घेऊन आली. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, भाकरी, वर कच्चं तेल. आमच्याकडं भरताला फोडणी देतात. तिथं वांगं भाजून नुसतं कुस्करायचं, मीठ-मिरची आणि तेलाची धार. इतकं चवदार भरीत मी पुढं कधी खाल्लं नाही, आणि इतक्या गप्प बसून कुठलं जेवणही जेवले नाही. आबांना तिनं वाढलं, पण त्यांच्याशी बोलली नाही. त्यांची झोपायची सोय देवळात केली, मला स्वतःजवळ ठेवून घेतलं.

माझ्या हातांवर हळद लावताना तिनं विचारलं, "गाडी तू चालवतीस?"

"शिकतेय."

"कोन शिकवतं?"

"आबा."

"काय शिकवत्यात?"

मी सांगितलं. फेरी मारायची, खाली वाकून बघायचं. दिसेल ते बोलायचं. विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. डोळे जड झाले की थांबायचं, कुणी हसलं तरी थांबायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे त्यास्नी तवा ठावं न्हवतं?"

"होतं," मी म्हटलं. मग दुपारचं उसाच्या गाड्यांचं सांगितलं. "मलापण ठाऊक होतं, काकू. तरी मी गाडी काढली."

तिनं माझा हात काही वेळ तसाच धरून ठेवला. मग हळदीची वाटी झाकून ठेवली.

सांगली

सकाळी मी गाडीभोवती फेरी मारत होते तर हौसाकाकू गाठोडं घेऊन उभी. "सांगलीला भनीकडं जायाचंय. यष्टीनं जानार हुते." आबा लगबगीनं पुढची जागा झटकायला लागले. "तुमी मागं बसा, भावजी," ती म्हणाली. तिनं त्यांच्याशी बोललेलं त्या सकाळचं ते एकच वाक्य.

आबा हळदीच्या पोत्यांवर जाऊन बसले. ती उजवीकडं बसली. आता माझे डोळे म्हणजे ती, आणि ती जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसलेली.

पलूसच्या पुढं उसाच्या चार गाड्या लागल्या. मी विचारलं, "काकू, मोकळं हाय का?"

"काय बगू?"

"समोरनं काही येतंय का ते."

तिनं मान बाहेर काढली. "ट्रक हाय." ट्रक गेला. "आता?" "थांब." सायकल गेली. "आता?" "थांब." मला अंदाजानं कळत होतं की रस्ता रिकामा आहे. मागून आबांना तर स्पष्ट दिसत असणार. त्यांनी एक शब्द काढला नाही. पाऊण मैल आम्ही बैलांच्या मागं चाललो. ती बघत होती, परत परत बघत होती. मग तिनं पदर दाताखाली धरला आणि म्हणाली, "जा."

मी गेले. चारही गाड्या मागं पडल्यावर तिनं श्वास सोडला. पुढं मला विचारावं लागलं नाही. ती आपणच सांगायला लागली. "म्हस हाय. शाळंची पोरं हायती. त्यो म्हातारा बहिरा दिसतोय, हारन दे."

तिला गावभागात बहिणीच्या दारात सोडलं. उतरताना ती मला म्हणाली, "परवा सकाळी मला न्ह्याला येशील?" मी आबांकडं बघितलं. ते मागून उतरत होते, धोतर पाठीमागून पिवळंधमक झालेलं. म्हणाले, "येतो आमी."

पोती टाकून मुक्काम भूपालशेटांकडेच केला. ते जैन होते. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत ताटं मांडली. आमच्याकडं या वेळेला अजून गुरं घरी यायची असतात. नळाला फडकं बांधलेलं, पाणी गाळल्याशिवाय भांड्यात पडायचं नाही. त्यांची आई मला "बा, कूत्को" म्हणून, म्हणजे ये, बस असं, कानडीतून बोलवायची आणि मी गोंधळून उभी राहिले की हसायची. जेवण झाल्यावर अजून उजेड उरलेला असायचा. तेव्हा एका संध्याकाळी आबा मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. भडंगाचा पुडा मधे ठेवून आम्ही बसलो. परीक्षा कधी, साहेब काय विचारतात, ते बोललो. महिन्याभरानं साताऱ्यात मी ती पासही झाले. त्या संध्याकाळी मात्र मला दुसरंच विचारायचं होतं. विचारलं, "सांगून बरं वाटलं का?"

"न्हाई," आबा म्हणाले. मग पुडा माझ्याकडं सरकवत म्हणाले, "पर आता तुज्या शेजारी बसाय लाज वाटत न्हाई."

परतीची वाट

ठरल्या सकाळी ती दारात तयार होती. हातात बहिणीनं दिलेली द्राक्षांची करंडी. पुन्हा उजवीकडं बसली. आबा मागं, आता मोकळ्या बाकावर.

सांगली सुटली. उन्हं चढत होती, द्राक्षांच्या बागा, हळदीची मोकळी रानं. बराच वेळ ती फक्त रस्त्यावरचं सांगत होती. मग पुढं बघतच तिनं विचारलं, "भावजी, तितं त्यास्नी जेवान गोड लागायचं का हो? घरात लय नखरं हुतं त्यांचं."

आबांना पहिल्यांदा कळलंच नाही, आपल्यालाच विचारलंय. मग ते घसा साफ करून म्हणाले, "आनंदाला? आनंदाला काय बी चालायचं. होळीला त्यानं पुरनपोळ्या केल्या हुत्या."

"त्यांनी?"

"त्यानं. लाटनं न्हवतं. रमच्या बाटलीनं लाटल्या. डाळ कच्ची ऱ्हायली. सायबानं खाल्ली एक, म्हनला, हे काय हाय? आनंदा म्हनला, साब, हमारे कुंडल में ऐसाच होता है."

हौसाकाकूनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून बघितलं, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"आमच्यात न्हाई हो आसं व्हत," ती म्हणाली. "आनि?"

आबा पुढं सरकले. दोन्ही सीटांच्या मधे हात टेकून बोलायला लागले. आनंदा पत्र कसं लिहायचा, म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि शेवटची ओळ स्वतः गिरवायचा. आनंदानं बर्फात कुत्रं पाळलं होतं. आनंदा गाडीत मोठ्यानं गायचा आणि बेसूर गायचा. ती मधून मधून विचारायची, "मग?" आणि आबा आणखी सांगायचे.

पलूस मागं पडलं. कुंडल आता पाच मैल. रस्ता मोकळा होता, नजर जाईल तिथपर्यंत मोकळा. मी तिसावरचा काटा विसावर आणला, मग दहावर. मागून आलेला एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला ओलांडून गेला. दोघांपैकी कुणीही मला काही विचारलं नाही.